चार बोटं जास्त

आबांनी किल्ट कमरेला गुंडाळला, चामड्याचे पट्टे बकलात आवळले, दोन्ही हात बाजूला सोडून सावधान उभे राहिले आणि किल्टची कड त्यांच्या पोटरीवर आली. गुडघे दिसेनात. त्यांनी मान खाली घालून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "परकर." तेवढा एकच शब्द. मी पार्सलची सुतळी बोटांना गुंडाळत उभी होते, ती तशीच गुंडाळत राहिले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं, आणि उत्तर देण्यात मी कुणाला हार जात नाही हे पोलादपूरच्या आमच्या शाळेत हेडमास्तरांपासून सगळ्यांना अनुभवाने माहीत आहे. पण आबा रागावले नव्हते. परेडवर साहेबाने शेरा द्यावा तसा त्यांनी तो शब्द दिला होता आणि लगेच बकल सोडायला घेतलं होतं. लेंगा त्यांनी आतून काढलाच नव्हता, तो गुडघ्यापर्यंत वर सारून वरून किल्ट बांधला होता. आता तो पुन्हा घोट्यांपर्यंत घसरला आणि आबा पुन्हा माझे रोजचे वडील झाले. वीस मार्च अगदी तोंडावर आला होता. मला त्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूचा राग आला, खुंटीवरच्या मशकबीनचासुद्धा.

मशकबीन म्हणजे कातड्याच्या पिशवीचं आणि नळ्यांचं ते विलायती वाद्य, जे फौजेच्या बँडात वाजवतात. आबा पलटणीत तेच वाजवायचे. लढाईच्या दिवसांत भरती झाले ते आमच्या वाडीतल्या इतर तरण्यांसारखे रायफल घ्यायला, पण बँडमास्तरने छाती पाहिली, फुंकून दाखवायला सांगितलं आणि यांच्या हातात बीन आली. आमच्या घराण्यात फुंकणं नवीन नव्हतं, त्याबद्दल पुढे सांगते. निवृत्त झाले तेव्हा एक जुनी बीन त्यांनी बँडकडून विकत घेतली. पोशाख मात्र सरकारजमा करावा लागला. तेव्हापासून वीसेक वर्षं ती बीन खुंटीवर होती आणि दर महिन्याला पिशवीला तेलपाणी होत होतं, वाजत मात्र नव्हती. यंदा महाडला चवदार तळ्यावर वीस मार्चच्या मिरवणुकीत आबांनी, म्हणजे सगळ्यांच्या रामजीबाबांनी, बीन वाजवावी, असं माझ्या डोक्यात आलं. मिरवणूक समितीच्या बैठकीत मी ते बोलले. महिपती, समितीचे चिटणीस, तहसील कचेरीत कारकून आहेत, माणूस सरळ, पण खुर्चीत बसला की घसा खाकरूनच बोलतो. त्यांनी घसा खाकरला. "बाई, वाजंत्री आपण सोडली. ते पुन्हा नको. पण बाबा पूर्ण फौजी पोशाखात येणार असतील तर ती वेगळी गोष्ट, ती सलामी होईल." मी म्हटलं, "पोशाखात येतील." घरी आल्यावर आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी महिपतींचंच म्हणणं उचलून धरलं. अंगावर नीट किल्ट असेल तर वाजवीन, नाहीतर बीन खुंटीवर बरी आहे. कोट होता, मोजे होते, बूट होते. किल्ट, म्हणजे बीनवाले नेसतात तो गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा घेर, तेवढा नव्हता. आबांच्या एका पंजाबी सोबत्याने जालंधरच्या दुकानाचा कॅटलॉग पाठवला, मी माप कळवलं, आणि आज रविवारी सकाळी पोस्टमन धोंडू स्वतःच्या सायकलवरून व्हीपीचं पार्सल घरपोच घेऊन आला, कारण आत काय आहे ते बघायची त्यालाही घाई होती. शेजारच्या ठमाबाईने दारातून डोकावून विचारलंच, "म्हाताऱ्यानं घागरा मागवला गो?" मी दार लावून घेतलं होतं. आता तिच्याच तोंडचं घरात ऐकू आलं होतं.

"परत धाड," आबा म्हणाले आणि खुर्चीत बसले. ते नेहमी खुर्चीत बसतात. मी किल्ट उचलून खिडकीशी नेला. परत धाडायचा तर दोष कुणाचा ते आधी बघायला हवं, अशी माझी रीत. आणि कापडाच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही, कारण माझी अर्धी हयात टेरिकॉट आलं, टेरिलिन आलं, वूलन म्हणून काहीतरी भलतंच आलं, या उलाढालीत महाडच्या दुकानांतून दुकानदारांशी हुज्जत घालण्यात गेली आहे. घड्या मोडताना हातालाच कळलं की कापडाला वजन आहे. मुठीत गच्च चुरगाळलं आणि सोडलं. सुरकुत्या हळूहळू आपल्या आपण निघून गेल्या. उजेडापुढे धरलं, पलीकडची कौलं दिसली नाहीत. आतल्या शिवणीतून एक धागा ओढून काढला आणि काडी लावली. खोटा धागा वितळून त्याची काळी गोळी होते, टोकाला चिकटून बसते. हा तसा झाला नाही, चुरचुरत जळला, केस जळल्याचा वास सुटला आणि राख चिमटीत पूड होऊन गेली. लोकर होती, खरी लोकर. मार्च महिन्यात पोलादपुरात लोकर नेसून चालायचं म्हणजे काय हे ज्याचं त्याने ठरवावं, पण दुकानदाराने दगा दिला नव्हता. मग मी पाठीमागच्या चुण्या पाहिल्या. हिरव्या आणि निळ्या चौकड्यात एक बारीक लाल रेघ होती, ती प्रत्येक चुणीच्या मधोमध येत होती. एकही चुणी चुकार नव्हती. चुणी खोल होती, आत भरपूर कापड सोडलेलं होतं. आबा सांगायचे की चालताना किल्ट मागून हलला पाहिजे, एका पावलाला इकडे, दुसऱ्या पावलाला तिकडे, आणि ते कापडात कंजूषपणा केला की होत नाही. मी तो कमरेशी धरून हलवून पाहिला. छान हलला. खालची कड दुमडून शिवलेली नव्हती, कापडाचा विणीचा काठच खाली होता, जसा असायला हवा तसा. कमरेचं माप बरोबर. म्हणजे दुकानदाराच्या हातात जे जे होतं ते ते त्याने चोख केलं होतं आणि चुकली होती ती फक्त लांबी, आणि लांबी आम्ही कळवली होती.

मला हे कबूल करायला थोडा वेळ लागला. दुकानदाराला लिहायचं खरमरीत पत्र मी मनातल्या मनात निम्मं लिहून काढलं होतं. ते सोडून द्यावं लागलं.

लांबीचं माप कसं घ्यायचं याचं कॅटलॉगात चित्र होतं. एक गोरा माणूस जमिनीवर गुडघे टेकून ताठ उभा आहे आणि दुसरा टेप धरून कमरेपासून खाली मोजतो आहे. कड जमिनीपासून बोटभर वर राहिली पाहिजे, मग माणूस उठून उभा राहिला की ती गुडघ्याच्या वाटीवर बरोबर येते. जानेवारीत मी टेप घेऊन आबांसमोर उभी राहिले आणि चित्र दाखवलं. आबांना चित्र कशाला हवं होतं, पलटणीत नव्या पाइपरांना, म्हणजे बीनवाल्यांना, स्टोअरसमोर रांगेत असंच गुडघ्यावर उभं करत, हे त्यांनीच मला लहानपणी सांगितलं होतं. पण त्या दिवशी ते म्हणाले, "गुडघे टेकायचे नायत. उभ्यानंच घे." मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड घट्ट मिटलेलं होतं. मला वाटलं, मला कळलं. कळायला काय, आमच्यात हे कुणाला कळणार नाही? माझा आजा भिकाजी खोताच्या अंगणात गुडघ्यावर बसायचा. बसायचा म्हणजे बसावंच लागायचं, पायरीच्या खाली, जोत्याला अंग न लागेल अशा बेताने, आणि बाकीचे उभे असताना यांची डोकी वर येऊ नयेत म्हणून. आबांनी ते लहानपणी पाहिलेलं. तर आता साठी उलटल्यावर, स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीसमोर, विलायती कपड्याच्या मापासाठीसुद्धा हा माणूस गुडघे टेकणार नाही. उभ्यानेच कमरेपासून गुडघ्यापर्यंत टेप लावली. लेंग्यावरून गुडघा नेमका कुठे संपतो ते कळेना, आबा तर तिथे हात लावू देईनात, तेव्हा अंदाजाने आकडा लिहिला, आणि तोकडा होण्यापेक्षा बरा म्हणून वर थोडा वाढवला. चार बोटं तिथून आली.

आणि मी तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी ही गोष्ट सांगितली. सांगताना माझा आवाज भरून आला, त्यामुळे ती जास्तच चांगली झाली. नंतर ती महाडला महिपतींच्या कानावर गेली आणि फेब्रुवारीतल्या सभेत त्यांनी घसा खाकरून ती व्यासपीठावरून सांगितली. "आमचे रामजीबाबा आजही कुणापुढे गुडघे टेकत नाहीत. शिंप्याच्या मापालाही नाहीत." टाळ्या पडल्या, खूप वेळ पडल्या. आबा पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. मी बायकांच्या बाजूने त्यांच्याकडे बघत होते. ते समोर बघत होते आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला वाटलं, साधा माणूस, कौतुकाची सवय नाही. त्यानंतर मला त्यांच्या प्रत्येक गोष्टीत तेच दिसायला लागलं. विहारात सगळे गुडघे टेकून वंदन करतात तेव्हा आबा मागे भिंतीशी हात जोडून उभे असतात. मी म्हणायची, आबांचं वंदनसुद्धा ताठ मानेचं. भंतेजींनीही एकदा हसून म्हटलं होतं की भगवंतांना कुणाचे गुडघे नको आहेत. जेवायला ते खाली पाटावर बसत नाहीत, टेबलाशी बसतात. मी म्हणायची, फौजी शिस्त. आई गेल्यापासून या घरात आम्ही दोघंच, आणि दोघंच असलं की समोरच्याबद्दल आपण ठरवतो तेच खरं होऊन बसतं, खोडून काढायला तिसरं कुणी नसतं.

किल्ट मी पलंगावर पसरून ठेवला. आबा त्याच्याकडे बघत नव्हते. खिडकीतून बाहेर घाटाकडे चढणाऱ्या ट्रकांकडे बघत होते, आणि त्यांचे गाल किंचित आत-बाहेर होत होते. ते मी ओळखते. ते मी आधी आजाच्या तोंडावर पाहिलं आहे. आजा सनई वाजवायचा. पंचक्रोशीतल्या प्रत्येक लग्नाला, प्रत्येक बारशाला त्याने जायचं, अंगणाच्या कडेला बसून पहाटेपासून फुंकायचं आणि शेवटी वरून टाकलेलं अन्न पदरात घ्यायचं, असा त्याचा वंशपरंपरेचा मान. धर्मांतरानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या वाडीने ठरवलं की हे आता बंद. हलग्या, डफडी, संबळ, सगळं पोत्यात भरून सावित्रीच्या डोहाशी नेलं. मी बारातेरा वर्षांची होते, आईचं बोट सोडून पुढे गेले होते. आबा रजेवर आलेले, अंगावर वर्दी होती. आजाच्या हातातून सनई सुटत नव्हती असं नाही, त्याने दिली, पण पाण्याकडे त्याचा हात गेला नाही, म्हणून ती आबांनी घेतली आणि त्यांनी टाकली. लोक घोषणा देत होते. मीही दिल्या. आजही देईन, ते बरोबरच होतं, त्याबद्दल माझ्या मनात काडीचा संशय नाही. पण त्यानंतर आजा ओट्यावर बसला की त्याचे गाल फुगायचे आणि बसायचे, फुगायचे आणि बसायचे, तोंडात काही नसताना. रजा संपायच्या आदल्या दिवशी आबा परड्यात सरावाला आणलेली पलटणीची बीन वाजवून बघत होते आणि आजा तिथे जाऊन उभा राहिला. मी पाण्याची कळशी घेऊन मधेच अडकले होते, त्यामुळे मी ऐकलं. आजा म्हणाला, "मी खोताच्या दारात फुकत व्हतो, तू सायबाच्या दारात फुकतोस. तुझा न्यारा कसा रे?" आबांनी बीन काखेतून काढली. विचार करून, नीट उत्तर दिलं, उद्धटपणाने नाही. "बा, आमच्या अंगावर कपडा असतो." आजाने आपल्या अंगाकडे पाहिलं. लंगोटी होती आणि खांद्यावर पंचा होता. मग तो वळला आणि घरात गेला. पुढे तो दोन पावसाळे जगला, पण तो विषय त्याने काढला नाही.

म्हणून आबांना कपडा नीट हवा होता. म्हणून मला हवा होता. लग्नातल्या बँडवाल्यांच्या अंगावर असतात तसले चकचकीत, लोंबते, भलत्याच मापाचे कपडे घालून ते तळ्यावर उभे राहिले असते, तर मग आजाला दिलेल्या त्या उत्तरात काय उरलं असतं? आणि मग सनई डोहात गेली ती कशासाठी? हे आबा बोलत नव्हते, पण मी त्यांची मुलगी आहे. मी ठरवलं की हा किल्ट परत जाणार नाही. कापड उत्तम आहे, चुण्या उत्तम आहेत, चार बोटांसाठी मी तो सोडणार नाही. खालून दुमडून चालणार नव्हतं, काठ खालीच राहायला हवा. म्हणजे वरची कमरपट्टी उसवायची, वरून कापायचं, चुण्या कमरेशी पुन्हा आत घ्यायच्या आणि पट्टी परत जोडायची. आईचं हातमशीन आहे, मला येतं. फक्त या खेपेला अंदाज चालणार नव्हता. माप चित्रातल्यासारखंच घ्यायला हवं होतं.

"आबा," मी म्हटलं, "तुमचं म्हणणं मला पटतं. त्याचा मला अभिमान आहे. पण आज दार लावलेलं आहे आणि समोर मी आहे. एकदाच गुडघे टेका."

मी घोंगडी दुमडून जमिनीवर घातली.

"मंजे, ती उचल."

"का पण? मी कुणाला सांगणार नाही."

"तू नाय सांगणार?" आबा म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं, ते हसू होतं हे मला जरा उशिरा कळलं. मग त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या लेंगा वर घेतला, आधी एक पाय, मग दुसरा. "माझा गुडघा दुमडत नाय गो. जोर करून खाली गेलो तर वर येत नाय. दोन वर्सं झाली."

मी त्यांचे गुडघे पाहिले. मला आठवतात ते गुडघे मी लहान असताना पाहिलेले, हाडांचे, काळेभोर, किल्टच्या कडेखाली उठून दिसणारे, रजेवर आले की आई त्यांना बघून पदराने तोंड लपवून हसायची ते. हे ते नव्हते. दोन्ही सुजून गोल झाले होते, कातडी ताणून चकाकत होती, वाटी कुठली ते ओळखू येत नव्हतं. मला खूप वाईट वाटलं, आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात एकेक दार उघडायला लागलं. विहारातली भिंत. जेवणाचं टेबल. गुडघ्याला टेप लावू न देणं. आणि सव. दर पंधरवड्याला आबा एसटीने महाडला जायचे आणि तिथून पुढे सवला, त्यांचा पलटणीतला सोबती चंदू तिथे राहतो म्हणून. परत येताना त्यांच्या अंगाला गंधकाचा वास यायचा, पिशवीत ओला पंचा असायचा. गरम पाण्याच्या कुंडांच्या गावी जाऊन माणूस अंघोळ करून येतो यात मला कधी काही दिसलं नाही.

"चंदूकाका?"

"त्याचे खांदे गेलेत, माझे गुडघे. दोघं कुंडात पाय सोडून बसतो."

"मग सभेत सांगायचं नाही का तुम्ही? मला तरी सांगायचं."

"टाळ्या पडत व्हत्या," आबा म्हणाले. "कसा सांगू?"

मी घोंगडीवर बसले आणि हसायला लागले. हसू थांबेना, आणि मधेच ते रडू झालं, आणि आबा वाट बघत राहिले. जानेवारीपासून मी एका दुखण्याला तत्त्व म्हणत होते. त्याच्यावर भर सभेत टाळ्या पडल्या होत्या. आणि ज्याचं ते दुखणं होतं तो माझ्यासाठी गप्प बसून, विहारात उभा राहून, ते तत्त्व पाळत होता. मला शरम वाटली, पण ती मी फार वेळ वाटू दिली नाही. दुपार चालली होती आणि काम राहिलं होतं.

"चालता येईल का?" मी डोळे पुसून विचारलं. "एसटी स्टँडपासून तळ्यापर्यंत?"

"चालायला काय झालाय? परेडच्या चालीत पाय ताठच ठेवायचा असतो. दुमडायला कोन सांगतो?" ते खरंच होतं.

मग मी उठले, आबांना उठवलं आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून उभी राहिले. हात मागे नेऊन त्यांच्या कमरेचं हाड चाचपलं आणि माझं चाचपलं. एका रेषेत होती. ती तशी असणार हे मला माहीत होतं. माझी उंची बापाची, पाय बापाचे, हे मी जन्मभर ऐकलं आहे. आई हयात असताना बघायला आलेली स्थळं मला उभी राहायला सांगायची आणि मी उभी राहिले की चहा लवकर संपवायची. एका मुलाच्या मावशीने निघताना आईला सांगितलं होतं, तुमच्या पोरीला बसूनच दाखवत जा. आईने ते मनाला लावून घेतलं, मी नाही, असं मी सांगत असते. त्या दिवशी पहिल्यांदा त्या पायांचा कुणाला तरी उपयोग होणार होता. मी साडीचा घोळ वर खोचून घट्ट बांधला आणि त्यावरून किल्ट गुंडाळला.

"मागं गो," आबा म्हणाले. "चुन्या मागं. लुगडं नाय ते."

मी सवयीने चुण्या पुढे घेतल्या होत्या. त्या फिरवून मागे घेतल्या, बकल आवळलं आणि घोंगडी बाजूला सारून लादीवर गुडघे टेकले. लादी थंड होती. किल्टची कड माझ्याभोवती जमिनीवर पडली, जास्तीचं कापड गोल पसरलं. आबांनी खुर्ची जवळ ओढली. त्यांना वाकून खाली बघता येईना, म्हणून त्यांनी बीनची सरावाची लाकडी नळी घेतली आणि तिच्या टोकाने कड उचलून धरली. "वर घे. अजून. अजून थोडा. थांब." मी दोन्ही हातांनी कमरेशी कापड वर ओढत होते. कड जमिनीपासून सुटली. आबांनी ती बोटभर जाडीची नळी कडेखाली आडवी सरकवून पाहिली, एका बाजूने, मग समोरून, मग मला फिरायला सांगून दुसऱ्या बाजूने. मी गुडघ्यांवर फिरले. माझा आजा असाच फिरला असेल, अंगणाच्या कडेला, सनई घेऊन. पण मला कुणी खोत फिरवत नव्हता. माझे वडील सुजलेले पाय पुढे ताठ पसरून, कपाळाला आठ्या घालून, पलटणीच्या स्टोअरसमोर उभे असल्यासारखे मला तपासत होते, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नव्हता. उलट मला इतकं बरं वाटत होतं की थोडा वेळ आणखी तिथेच राहावंसं वाटलं.

"हां. तिथंच धर." त्यांनी खुर्चीतूनच शाळेचा खडू घेऊन माझ्या कमरेभोवती रेघ ओढली. "ऊठ."

मी उठले. एका हाताचाही आधार न घेता उठले, आणि उठल्यावर त्याचं वाईट वाटलं. आबांनी ते पाहिलं असावं, पण ते किल्टकडे बघत होते. कड माझ्या साडीवर, बरोबर गुडघ्याच्या वाटीशी आली होती. "झाला," आबा म्हणाले. "आता तो किल्ट झाला."

मी तो सोडला, टेबलावर पालथा घातला, कमरपट्टीची शिवण ब्लेडने उसवली. पट्टी निघाली. खडूची रेघ पांढरीशुभ्र समोर होती आणि तिच्यावर चार बोटं कापड. कात्री हातात घेतल्यावर माझ्या ध्यानात आलं. आबा खुर्चीत पुन्हा लेंगा गुडघ्यांवर सारून बसले होते. मोजे पोटरीपर्यंत येतात, किल्ट गुडघ्याच्या वाटीशी संपतो, आणि मधली जागा उघडी राहते. वीस मार्चला सगळं महाड लोटणार, बायका-पोरं, शिक्षक, समिती, मुंबईहून येणारे, आणि सगळ्यांना हेच दिसणार होतं. सकाळी आला तसा तो परकर राहिला असता तर काहीच दिसलं नसतं.

मी कात्री खाली ठेवली. "आबा, दोन बोटं राहू देऊ का? झाकलेलं राहील. कुणाला कळायचं नाही."

आबांना मी काय म्हणते ते लगेच कळलं. त्यांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, एकाकडे आणि मग दुसऱ्याकडे, दोघांना बरोबर न्यायचंय की घरी ठेवायचंय ते ठरवत असल्यासारखं. मग लेंगा खाली न घेताच म्हणाले, "किल्टखाली गुडघा दिसतो. नाय दिसला तर बा म्हनेल, तुझा न्यारा कसा रे."

"लोक विचारतील."

"विचारू देत. तूच सांगितलंस ना सगळ्यांना, हे गुडघे टेकत नायत म्हनून?" आबा म्हणाले. "बघू देत की मग."

मी कात्री उचलली. कापड चुण्यांमुळे तिपेडी झालं होतं, पात्याला जाईना, दोन्ही हातांचा जोर लावावा लागला. पण मी रेघ सोडली नाही.